उशिरा गवसलेला सूर

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. चाहत्यांचा जीव मात्र खरा टांगणीला लागतो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ खेळतात आणि ‘मार्च मॅडनेस’ म्हणून गाजणाऱ्या राष्ट्रीय बाद फेरीच्या स्पर्धेत त्यांतल्या फक्त ६८ संघांना जागा मिळते. अव्वल पंचवीस-तीस संघांना प्रवेशाची काळजी नसते आणि तळातल्यांना तशी आशाही नसते. घालमेल असते ती मधल्यांची. त्यातही जानेवारीत सपाटून मार खाल्लेला आणि फेब्रुवारीत अचानक जिंकू लागलेला संघ असेल, तर त्याच्या चाहत्यांना रोज सकाळी एकच प्रश्न पडतो : ही सुधारणा खरी आहे का, आणि खरी असेल तर ती वेळेत झाली का?

२०२४-२५ च्या हंगामात आर्कान्सा विद्यापीठाच्या संघाने हा प्रश्न जितक्या तीव्रतेने उभा केला तितका क्वचितच कोणी केला असेल. फेएटव्हिल गावातल्या या संघाला ‘रेझरबॅक्स’, म्हणजे रानडुकरे, म्हणतात. त्याने १९९४ साली नोलन रिचर्डसन या प्रशिक्षकाच्या हाताखाली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंटकीला पंधरा वर्षे घालवलेला आणि २०१२ चे विजेतेपद मिळवून दिलेला जॉन कॅलिपारी हा नामांकित प्रशिक्षक इथे आला. त्याच्या हाती जवळजवळ रिकामा संघ आला. जुन्यांपैकी ट्रेव्हन ब्राझील हा एकच महत्त्वाचा खेळाडू उरला. बाकीचे काही केंटकीहून त्याच्या मागोमाग आले, जोनेल डेव्हिस फ्लोरिडा अटलांटिकहून आणि जोनास एडू टेनेसीहून आला, तर बूगी फ्लँडसारखी काही पोरे थेट शाळेतून.

नोव्हेंबर-डिसेंबरमधले सामने त्यांनी ११ विजय आणि २ पराभव असे निभावले. त्यात न्यूयॉर्कला मिशिगनवर ८९-८७ असा निसटता विजयही होता. मग आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसी या विद्यापीठांच्या गटातले, सामने सुरू झाले आणि सगळेच फिसकटले. टेनेसीने ७६-५२ असा धुव्वा उडवला. त्यानंतर ओल मिस, फ्लोरिडा, एलएसयू आणि मिसूरी यांच्याकडून ओळीने हार झाली. पाच सामन्यांत शून्य विजय. वर फ्लँडच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला असेच सगळ्यांनी धरून चालले. जॉर्जियाला हरवून खाते उघडले, पण लगेच ओक्लाहोमाने तीन गुणांनी हरवले. जानेवारी संपताना हिशेब होता एक विजय, सहा पराभव.

१ फेब्रुवारीला कॅलिपारी आपल्या जुन्या घरी, केंटकीच्या रप अरेनात, पाहुणा प्रशिक्षक म्हणून उतरला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आर्कान्साने तो सामना ८९-७९ असा जिंकला, आणि तिथून पुढच्या अकरा सामन्यांत, हा धरून, त्यांनी सात जिंकले. नियमित हंगामाअखेर कॉन्फरन्समध्ये ८ विजय व १० पराभव आणि एकूण १९ विजय व १२ पराभव अशी नोंद झाली. कागदावर हे आकडे सामान्यच दिसतात. हंगामभर बघणाऱ्याला मात्र त्यात दोन वेगवेगळे संघ दिसतात, एक जानेवारीतला आणि एक फेब्रुवारीनंतरचा. चाहत्यांचा सगळा युक्तिवाद याच फरकावर उभा असतो.

निवड समितीला मात्र हे दोन संघ दिसत नाहीत, आणि नेमके इथेच चाहत्यांचे आणि व्यवस्थेचे बिनसते. ६८ पैकी ३१ जागा आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्यांना आपोआप मिळतात. उरलेल्या ३७ जागा वाटायचे काम बारा जणांच्या समितीकडे असते. विद्यापीठांचे क्रीडासंचालक आणि कॉन्फरन्सचे आयुक्त तिचे सदस्य असतात, आणि स्वतःच्या संघाची चर्चा निघाली की त्या सदस्याला खोलीबाहेर जावे लागते. मार्चच्या मध्यावर ‘सिलेक्शन संडे’च्या संध्याकाळी यादी टीव्हीवर जाहीर होते. एके काळी समितीसमोरच्या कागदपत्रांत ‘शेवटचे दहा सामने’, आणि पुढे ‘शेवटचे बारा सामने’, अशी वेगळी नोंद असे. तेव्हा उशिरा सूर गवसलेल्या संघाला तिचा आधार होता. नंतर ती नोंद काढून टाकण्यात आली. नोव्हेंबरचा विजय आणि मार्चचा विजय सारख्याच वजनाचा, हे आताचे तत्त्व. वरकरणी ते रुक्ष वाटते, पण त्यामागे विचार आहे. हंगामाच्या शेवटी कोणाच्या वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी येतात, कोणाच्या वाट्याला अवघड. ते वेळापत्रक संघ स्वतः ठरवत नाही.

२०१८-१९ पासून समितीचे मुख्य हत्यार म्हणजे ‘नेट’ नावाची क्रमवारी. आधीच्या आरपीआय या जुनाट सूत्राची जागा तिने घेतली. कोणाशी खेळलात, कुठे खेळलात आणि दर शंभर चढायांमागे प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गुण जास्त केलेत, यांवरून ती ठरते. सामन्याच्या तारखेला तिच्यात काहीच किंमत नाही. या क्रमवारीच्या आधारे प्रत्येक सामना चारांपैकी एका खान्यात, म्हणजे क्वाड्रंटमध्ये, टाकला जातो. सर्वांत प्रतिष्ठेचा पहिला क्वाड्रंट. घरच्या कोर्टवर पहिल्या ३० क्रमांकांतला प्रतिस्पर्धी असला, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधला असला किंवा परक्या कोर्टवर पहिल्या ७५ मधला असला, तर तो सामना या खान्यात मोडतो. परक्या गावात जिंकणे अवघड असते, याची ही उघड कबुली आहे. चौथ्या क्वाड्रंटमध्ये मोडणारा पराभव म्हणजे प्रगतिपुस्तकातली लाल रेघ.

या पद्धतीतली एक गंमत सामान्य प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही. खाने कायमचे नसतात. प्रतिस्पर्ध्याचा नेट क्रमांक रोज हलतो आणि त्याबरोबर जुन्या सामन्याची किंमतही हलते. डिसेंबरात आर्कान्साने मिशिगनला दोन गुणांनी हरवले, तेव्हा तो एक चांगला विजय होता, एवढेच. पुढे मिशिगनने मार्चमध्ये आपल्या बिग टेन कॉन्फरन्सची स्पर्धाच जिंकली आणि तो विजय बसल्या जागी वजनदार झाला. म्हणून फेब्रुवारीत आर्कान्साचा जाणता चाहता मिशिगनच्या सामन्यांवरही डोळा ठेवून असतो. मे महिन्यात आयपीएलच्या गुणतक्त्याशी झटणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला ही जर-तरची गणिते ओळखीची वाटतील. फरक इतकाच, की आयपीएलमध्ये शेवटी गुणच बोलतात आणि इथे बारा माणसे बोलतात.

जागेच्या काठावर लटकणाऱ्या संघांना तिथल्या बोलीत ‘बबलवर’ आहेत असे म्हणतात. बुडबुडा कधी फुटेल याचा नेम नाही, असा त्यातला भाव. ईएसपीएन वाहिनीवरचा जो लुनार्डी आणि त्याच्यासारखे इतर अंदाजकर्ते रोज ‘शेवटचे चार आत’ आणि ‘पहिले चार बाहेर’ अशा याद्या काढतात, आणि चाहते त्या भविष्यासारख्या वाचतात. आर्कान्सा फेब्रुवारीभर याच काठावर आत-बाहेर करत होता.

सुधारणा खरी की दिखाऊ, हे ओळखायचे कसे? विजयांच्या रांगेवरून ते कळत नाही. वेळापत्रक मऊ झाले की कोणीही जिंकतो. तीन गुणांचे फटके हा आणखी एक चकवा. आपला संघ महिनाभर लांबून जास्त अचूक मारू लागला, किंवा समोरच्यांचे फटके महिनाभर हुकत राहिले, तर आकडे फुगतात. प्रतिस्पर्ध्याच्या हुकलेल्या फटक्यांवर बचावाचा ताबा चाहत्यांना वाटतो त्याहून बराच कमी असतो. त्यामुळे जाणकार आधी बचावात्मक रिबाउंड, चेंडू गमावण्याचे प्रमाण, फ्री थ्रोसाठी रेषेवर जाण्याचे प्रमाण या गोष्टी बघतात. केन पोमेरॉय या हवामानशास्त्राच्या अभ्यासकाने उभी केलेली ‘केनपॉम’ आकडेवारी याच कामासाठी वापरली जाते. मग अटीतटीच्या सामन्यांचा प्रश्न येतो. आर्कान्साने टेक्ससला जादा वेळेत ८६-८१ असे हरवले आणि नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी मिसिसिपी स्टेटला ९३-९२ असे. हे दोन सामने उलटे गेले असते तर ‘उशिरा गवसलेला सूर’ ही कथा कोणी लिहिलीच नसती, आणि संघ मात्र अगदी तोच असता.

तरीही सुधारणेला दिसणारी कारणे असली की तिच्यावर विश्वास बसतो. आर्कान्साची कारणे समजण्यासारखी होती. वेगवेगळ्या विद्यापीठांतून आलेल्यांना एकमेकांच्या सवयी कळायला वेळ लागला. फ्लँड गेल्यावर चेंडू हाताळायची जबाबदारी डी. जे. वॅगनरवर पडली, आणि आधी कोणी काय करायचे याचा घोळ असलेल्या संघात कामाची वाटणी स्पष्ट झाली. चांगला खेळाडू गेल्यावर संघ सुधारणे हे ऐकायला विचित्र वाटते, पण बास्केटबॉलमध्ये ते नवे नाही, कारण चेंडू एकच असतो. २०२३ मध्ये फ्लोरिडा अटलांटिकला अंतिम चारांपर्यंत नेणारा डेव्हिस हंगामाच्या पूर्वार्धात हरवल्यासारखा खेळत होता. शेवटच्या महिन्यात तो आणि ब्राझील दोघेही खऱ्या अर्थाने खेळात आले.

पण अशा कथेला खिंडार पाडणारा एक तरी सामना असतोच. १ मार्चला आर्कान्सा साउथ कॅरोलायनाकडे गेला. त्या हंगामात साउथ कॅरोलायना कॉन्फरन्समधले अठरापैकी सोळा सामने हरला आणि तळाला राहिला. जे दोन जिंकले त्यांतला एक हा. निकाल ७२-५३. एकोणीस गुणांनी! चाहत्यांचे दोन तट पडतात ते अशा रात्री. एकाचे म्हणणे असते, ‘मुळात हा संघ असाच आहे’. दुसरा म्हणतो, ‘एखादा दिवस वाईट जातोच’. आकडेवारीच्या दृष्टीने दुसरा गट बहुधा बरोबर असतो, पण पहिल्याला गप्प करायला निकाल लागतो. तो तीन दिवसांत मिळाला. व्हँडरबिल्टच्या घरी आर्कान्सा जिंकला, मग मिसिसिपी स्टेटचा एका गुणाचा सामना आला, आणि कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पुन्हा समोर आलेल्या साउथ कॅरोलायनाला त्यांनी ७२-६८ असे रोखले. पुढे ओल मिसने तीन गुणांनी हरवले. २० विजय आणि १३ पराभवांवर आर्कान्साला राष्ट्रीय स्पर्धेत जागा आणि आपल्या विभागात दहावे मानांकन मिळाले. त्या वर्षी एसईसीच्या सोळापैकी विक्रमी चौदा संघांची निवड झाली. म्हणजे ज्या खडतर कॉन्फरन्सने जानेवारीत आर्कान्साला लोळवले, त्याच कॉन्फरन्सच्या वजनाने त्यांना मार्चमध्ये तारले. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये आठ-दहाच्या नोंदीवर कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

याच्या अगदी उलट अनुभव एक वर्ष आधी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सला आला. २०२४ च्या फेब्रुवारीत सीटन हॉलकडून हरल्यावर प्रशिक्षक रिक पिटिनो आपल्याच खेळाडूंवर जाहीरपणे बरसला. त्यावर भरपूर टीकाही झाली. त्यानंतर संघाने ओळीने सहा सामने जिंकले, त्यांतल्या शेवटच्यात, बिग ईस्ट कॉन्फरन्सच्या स्पर्धेत, त्याच सीटन हॉलला ९१-७२ असे धुतले आणि पुढे देशाचा विजेता ठरलेल्या कनेक्टिकटला उपांत्य सामन्यात ९५-९० पर्यंत झुंजवले. त्या आठवड्यात त्यांचा खेळ पाहणाऱ्या कोणीही त्यांना पहिल्या तीस-चाळीसांत बसवले असते. समितीने त्यांना घेतले नाही. हिवाळ्यातले पराभव पुसले गेले नव्हते आणि पहिल्या क्वाड्रंटमधले विजय मोजकेच होते. दुय्यम समजल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेचे आमंत्रणही संघाने नाकारले.

सेंट जॉन्स बाहेर राहण्यामागे आणखी एक कारण होते आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्याच आठवड्यात काही संघांनी आपापल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धा अनपेक्षितपणे जिंकल्या. एरवी ज्यांचा विचारही झाला नसता त्यांनी आपोआप जागा घेतल्या, आणि बबलवरच्या जागा तेवढ्याच कमी झाल्या. अशांना ‘जागा चोरणारे’ म्हणतात. त्यांतला सर्वांत मोठा चोर नॉर्थ कॅरोलायना स्टेट.

नियमित हंगामातले शेवटचे चारही सामने हरून, १७ विजय आणि १४ पराभवांनिशी, हा संघ कॉन्फरन्सच्या स्पर्धेसाठी दहाव्या मानांकनाने वॉशिंग्टनला पोहोचला. राष्ट्रीय स्पर्धेत जायचे तर पाच दिवसांत पाच सामने जिंकणे एवढा एकच मार्ग. लुइव्हिल, सिराक्यूज, ड्यूक असे तीन झाले. चौथ्या दिवशी व्हर्जिनियाविरुद्ध पाच-एक सेकंद उरले असताना ते तीन गुणांनी मागे होते आणि व्हर्जिनियाचा खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर उभा होता. तो पहिला थ्रो आत गेला असता तर खेळ खलास होता. थ्रो हुकला. मायकल ओ’कॉनेल चेंडू घेऊन कोर्टभर धावला आणि भोंगा वाजताना त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू फेकला. तो फळीवर आपटला, कड्यावर उडाला आणि आत पडला. बरोबरी. जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट ७३-६५ असा जिंकला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ असे हरवले आणि १९८७ नंतर प्रथमच कॉन्फरन्सचे विजेतेपद घेतले. इथेच ते थांबले असते तरी पुष्कळ होते. अकराव्या मानांकनाने राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन त्यांनी आणखी चार सामने काढले आणि १९८३ नंतर पहिल्यांदाच अंतिम चारांत पोहोचले. तिथे पर्ड्यूने त्यांना रोखले. चेंडू कड्यावरून बाहेर पडला असता तर यातले काहीही घडले नसते. याला सुधारणा म्हणावे की नशीब, यावर वाद घालायला चाहत्यांना पुढची अनेक वर्षे पुरतील.

पाच दिवसांत पाच विजयांचा पहिला मोठा नमुना २०११ चा. केंबा वॉकरच्या कनेक्टिकटने बिग ईस्टच्या नियमित हंगामात नऊ सामने जिंकले, नऊ गमावले, न्यूयॉर्कला पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे सलग सहा जिंकून देशाचे विजेतेपदही घेतले. हा दाखला इतक्यांदा दिला जातो, की आठ-दहा पराभव झालेल्या प्रत्येक संघाच्या चाहत्याला तो तोंडपाठ असतो. पण त्याच २०११ साली उलटाही दाखला आहे. व्हीसीयू या संघाने निवडीच्या आधीच्या आठपैकी पाच सामने गमावले होते. त्याला घेतल्याबद्दल टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी समितीची खिल्ली उडवली. तोच संघ प्राथमिक फेरीपासून पाच सामने जिंकून अंतिम चारांत गेला. २०२१ मध्ये यूसीएलएने निवडीआधीचे शेवटचे चार सामने गमावले आणि तोही प्राथमिक फेरीतून अंतिम चारांत पोहोचला. तिथे गोंझागाच्या जेलन सग्जने जवळजवळ अर्ध्या कोर्टावरून भोंग्यावर मारलेल्या फटक्याने तो हरला. म्हणजे मार्चच्या तोंडावरच्या फॉर्मवरून मार्चमधले भवितव्य सांगता येते, हा चाहत्यांचा लाडका सिद्धांत जेमतेमच टिकतो. समितीने शेवटच्या सामन्यांचा रकाना काढला, तो या अर्थाने शहाणपणाचाच म्हणायचा.

समिती स्वतः तत्त्वाला नेहमी जागते असे मात्र नाही, निदान लोकांना तसे वाटत नाही. २०२५ मध्ये अगदी शेवटची जागा नॉर्थ कॅरोलायनाला गेली. हंगामाच्या शेवटी त्यांचा खेळ उंचावला होता हे खरे, पण पहिल्या क्वाड्रंटमधल्या तेरा सामन्यांपैकी त्यांनी एकच जिंकला होता. गोंझागा, ॲरिझोना, आयोवा स्टेट आणि कॅन्सस यांना हरवलेला वेस्ट व्हर्जिनिया बाहेर राहिला. त्यात समितीचे अध्यक्ष नॉर्थ कॅरोलायनाचेच क्रीडासंचालक निघाले. त्या चर्चेत ते खोलीत नव्हते, तरी संशय थांबला नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी तर थेट पत्रकार परिषद बोलावली. नॉर्थ कॅरोलायनाने प्राथमिक सामन्यात सॅन डिएगो स्टेटला ९५-६८ असे चिरडून काही तोंडे बंद केली आणि पुढच्याच सामन्यात ती परत उघडली.

आर्कान्साचे काय झाले? बाहेरच गेला असे समजलेला फ्लँड स्पर्धेसाठी परतला. पहिल्या सामन्यात त्यांनी कॅन्ससला ७९-७२ असे हरवले. २२ मार्चला समोर आला तो पिटिनोचा सेंट जॉन्स. आदल्या वर्षी बाहेर राहिलेला, या वर्षी ३० सामने जिंकून दुसऱ्या मानांकनाने आलेला. बाहेरून मारलेल्या बावीस फटक्यांपैकी सेंट जॉन्सचे दोनच आत गेले आणि आर्कान्सा ७५-६६ असा जिंकला. जानेवारीत ओळीने पाच पराभव सोसलेला संघ अंतिम सोळांत होता. तिथे टेक्सस टेकविरुद्ध त्यांनी सोळा गुणांची आघाडी घेतली, ती गमावली आणि जादा वेळेत ८५-८३ असे हरले.

अशी सुधारणा पुढच्या वर्षाला पुरते का, हा शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर बदलले आहे. पूर्वी मार्चमध्ये जमलेला संघ बराचसा तसाच नोव्हेंबरात परत येई, म्हणून चाहते ‘पुढच्या वर्षी बघा’ असे म्हणू शकत. आता खेळाडूला एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येते आणि त्याच्या नावाचे व प्रतिमेचे पैसेही मिळतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने २०२४ चे अंतिम चार गाठल्यावर पुढच्याच हंगामात १२ विजय आणि १९ पराभव पाहिले आणि प्रशिक्षक केव्हिन कीट्सला काढून टाकले. आर्कान्साचे डेव्हिस आणि एडू पात्रता संपून गेले, फ्लँड फ्लोरिडाकडे गेला. वॅगनर आणि ब्राझील राहिले, आणि कॅलिपारीने नव्या पोरांना घेऊन पुन्हा नोव्हेंबरपासून सुरुवात केली.